शेजारच्या फेजवरचा दिवा

बाबांच्या गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारला, तेव्हा घराचं काम काढायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बाबांची खोली वर, संडास खाली मागच्या अंगणात, आणि मधे तो अरुंद, उभा जिना. पावसाळ्यात एकदा ते शेवटच्या पायरीवर घसरले आणि काही झालंच नाही असं दाखवत तिथेच बसून राहिले. मी चहा आणून दिला, तो त्यांनी पायरीवर बसूनच प्यायला. तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं, की मागच्या पडवीची खोली करायची, तिला लागून कमोडचं बाथरूम काढायचं, आणि बाबांना खाली आणायचं.

काम घेणाऱ्या ठेकेदाराने घर पाहिलं, भिंती ठोकून पाहिल्या आणि जिन्याखाली येऊन थांबला.

"भिंती नंतर फोडू. आधी हे बदला," तो म्हणाला.

जिन्याखाली आमचा लाइटचा बोर्ड होता. सागवानी फळीवर लोखंडी पेटीचा मेन स्विच, त्याच्या बाजूला चिनी मातीचे पांढरे फ्यूज. दर दिवाळीला बाबा त्या फळीला पॉलिश करायचे, त्यामुळे ती घरातल्या इतर लाकडांपेक्षा चांगली दिसायची. पण गीझर आणि मिक्सर एकदम लावले, की फ्यूज उडायचा. हिवाळ्यात त्या पेटीवर हात ठेवला तर ऊब लागायची, आणि ती ऊब चांगली नव्हती हे मलाही कळत होतं. नव्या खोलीत एसी, नव्या बाथरूममध्ये गीझर. एवढा भार त्या बोर्डाला झेपणार नव्हता.

"सगळं करा, पण तो बोर्ड राहू द्या," बाबा म्हणाले. "नवा त्याच्या शेजारी बसवा."

"बाबा, नवा बसवायचा म्हणजे जुना काढायचाच ना?"

"चालतोय ना अजून?"

तो बोर्ड कोणी बसवला हे मला ठाऊक होतं.

तो शेजारच्या काकांनी बसवला होता. काका आणि बाबा सातपूरला एकाच कंपनीत होते. काका इलेक्ट्रिक मेंटेनन्सला, बाबा लेथवर. दोघांनी कामगारांच्या सोसायटीत शेजारी शेजारी प्लॉट घेतले आणि सुट्टीच्या दिवशी एकमेकांची घरं उभी केली. दोन्ही घरांची वायरिंग काकांची. दोन्ही घरांची फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बाबांच्या. आई आणि शेजारच्या काकू यांच्यात मिळून एक शिलाई मशीन होतं. ते कधी आमच्याकडे असायचं, कधी त्यांच्याकडे. ज्या घरात लग्नकार्य किंवा शाळेचे गणवेश शिवायचे असतील तिकडे ते जायचं. मला लहानपणी बरेच दिवस वाटायचं, की दोन घरांत मिळून एकच मशीन असायची पद्धतच असते.

मग एका उन्हाळ्यात काकांनी बोअर मारली. आमची बोअर आधीपासून होती. त्यांची भिंतीलगत, आमच्यापेक्षा खोल गेली, आणि पुढच्या काही दिवसांत आमच्या बोअरचं पाणी गेलं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. संध्याकाळी घरी आले तर बाबा भिंतीशी उभे राहून ओरडत होते.

"माझ्या घरातलं पाणी ओढलंस तू!"

पलीकडून काकांचा आवाज आला, "जमिनीखाली नाव कोरून ठेवलंय का तुझं?"

बस. तेवढ्यावर बोलणं बंद झालं ते कायमचं. कोणी मधे पडलं, सोसायटीतल्या लोकांनी दोघांना एका सत्यनारायणाला एका पंगतीत बसवलं, पण दोघंही शेजारच्याशी न बोलता जेवून उठले. मशीन तेव्हा आमच्याकडे होतं. आईने ते पुसलं, तेल घातलं, आणि मी व तिने ते उचलून त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. काकूंनी दार उघडलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी आई म्हणाली, "सुई नवी घातलीय." आणि आम्ही परत आलो.

काका काही वर्षांपूर्वी गेले. आई सरळ त्यांच्या घरात गेली आणि दिवसभर काकूंजवळ बसून राहिली. बाबा फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभे होते. गाडी निघाली तेव्हा ते तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. अंघोळ केली. जेवले नाहीत. पुढे आई गेली तेव्हा काकू आल्या, आईच्या पायाशी बसल्या, उठताना माझ्या गालाला हात लावला. बाबांशी मात्र त्यांचं बोलणं झालं नाही. रुसवा असा उरलाच नव्हता, पण इतक्या वर्षांनी सुरुवात कुठून करायची, हे कुणालाच कळत नव्हतं.

तर बोर्डाचं हे असं होतं. बाबांनी शेवटी होकार दिला तो गुडघ्यांपुढे हात टेकून.

इलेक्ट्रिशियन नांदगावकडचा होता, चाळिशीचा, बोलका. काम करताना गाणं गुणगुणायचा आणि फोन आला की स्टुलावर उभ्या उभ्याच बोलायचा. सकाळी आला, बोर्डासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, काम लय भारी केलंय हो ज्यानं केलंय त्यानं. पण आता वय झालं त्याचं."

बाबा हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान हलवली. बोर्डाबद्दल की काकांबद्दल, कोण जाणे.

त्याने खटका ओढून मेन बंद केला. पंखा हळू होत थांबला. फ्रिजचा आवाज बंद झाला आणि घर एकदम शांत वाटलं. तो फळीचे स्क्रू सोडवायला लागला, आणि मी डबे हलवायला स्वयंपाकघरात गेले. धूळ येऊ नये म्हणून खिडकीला चादर लावलेली, त्यामुळे आत अंधार होता. हाताला सवय असते. भिंतीवरची बटणं चाचपत मी एक दाबलं, दुसरं दाबलं, आणि मागच्या दारावरचा दिवा लागला.

क्षणभर मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. दिवा आहे, बटण दाबलं, लागला. मग बटणावरचा हात झटकन काढला.

"अहो, मेन बंद केलाय ना तुम्ही?" मी ओरडले.

तो धावतच आला. वर बघितलं. "ताई, बाजूला व्हा. कशाला हात लावू नका." त्याने टेस्टर काढून बटणाच्या पेटीत टेकवला. टेस्टर पेटला. तो परत जिन्याखाली गेला, मेन बंद असल्याची खात्री केली, पुन्हा आला.

"सगळं घर उपाशी हाय आन् हा एकटा कुठून जेवतोय?"

त्याने चादर बाजूला केली आणि वायरचा माग काढला. खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून ती बाहेर गेली होती. बाहेर गुळवेलीच्या जाळीखाली एक जुना पाइप होता, आणि तो कंपाउंडच्या भिंतीवरून सरळ शेजारच्या घरात गेला होता. पाइपाच्या तोंडाशी त्याने बोटाने माती काढली. आत दोन वायरी होत्या. एक त्यांच्याकडून आमच्याकडे येणारी. दुसरी आमच्याकडून त्यांच्याकडे जाणारी.

मला तेव्हा आठवलं. लाइट गेली की आई म्हणायची, "शेजारचा लाव." मी ते इतकं सहज ऐकलेलं होतं, की त्याचा अर्थ काय हे कधी विचारलंच नव्हतं. नंतर चार्जिंगचे दिवे आले, लाइट जाणं कमी झालं, आणि ते बटण कोणी दाबेनासं झालं.

मी हॉलमध्ये आले. बाबा खुर्चीतून अर्धवट उठले होते.

"बाबा, मागच्या दाराचा दिवा..."

"तो त्यांचा आहे," बाबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. आमच्या बाहेरच्या खांबावर तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या लाइनी. आमच्या घराला एक, त्यांच्या घराला दुसरी. त्या काळात रोज कुठली ना कुठली फेज जायची. आमच्याकडे अंधार असला तरी त्यांच्याकडे लख्ख, नाहीतर उलट. काकांच्या डोक्यात आलं, की दोन्ही घरांत एकेक दिवा शेजारच्या फेजवर ठेवू. म्हणजे कोणाचंही स्वयंपाकघर पूर्ण अंधारात जायचं नाही. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी पाइप टाकला, बाबांनी भिंतीला भोक पाडलं.

"आणि भांडणानंतर?" मी विचारलं.

बाबांनी मागच्या दाराकडे पाहिलं.

इलेक्ट्रिशियन दारात उभा राहून ऐकत होता. तो नरमाईने म्हणाला, "बाबा, हे ठेवता येणार नाय. मेन बंद केला की माणूस बिनधास्त हात घालतो. उद्या कोणी गवंडी इथं छिन्नी मारील आन् जीव जाईल. दोन्ही तोडावी लागतील. आत्ताच तोडू का?"

"तोड. तोडायलाच हव्यात," बाबा म्हणाले. मग काठी शोधायला लागले. "पण आत्ता नको. आधी सांगून येतो. न सांगता कोणाच्या घरातला दिवा घालवायचा नसतो."

त्यांनी वरून शर्ट आणायला सांगितला. घरातला सदरा घालून जायला तयार नव्हते. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट आणला, त्यांनी गळ्यापर्यंत बटणं लावली. आमच्या फाटकातून बाहेर पडून त्यांच्या फाटकात शिरायचं, एवढंच अंतर. पण बाबा रस्त्यावर आल्यावर थांबले, श्वास घेतला, आणि मग पुढे गेले. त्यांच्या फाटकाची कडी जरा वर उचलून, आत ढकलून मगच उघडते. मला ती उघडता येईना. बाबांनी माझा हात बाजूला केला आणि एका झटक्यात उघडली. ते फाटक त्यांनीच केलेलं होतं.

काकू दारातच उभ्या होत्या. बारीक झाल्यात, केस सगळे पांढरे. पण उभं राहणं तेच, एक हात चौकटीला.

"मघाशी बोळातला दिवा गेला," त्या म्हणाल्या. "तिथे दिवसाही अंधार असतो, म्हणून तो चालूच ठेवते मी. म्हटलं, भाऊजींकडे काहीतरी काम निघालेलं दिसतंय."

काही झालंच नाही, कालच भेटलो होतो, अशा स्वरात. बाबांनी घसा साफ केला. वाटेत त्यांनी वाक्य ठरवून ठेवलं असावं.

"वहिनी, लाइटचं काम काढलंय. नवीन पॅनल बसवतोय. तुमच्याकडे येणारी वायर काढावी लागेल. आमच्याकडचीही. तुमची हरकत नसेल तर."

"काढा की. माझी कसली हरकत? मुलाने इन्व्हर्टर बसवून दिलाय मला." दारातून बाजूला होत त्या म्हणाल्या, "आत या. उभ्या उभ्या काय बोलताय? बसा तरी."

बाबा आत गेले. मी मागोमाग. काका भिंतीवरच्या फोटोत होते, कंपनीच्या कार्यक्रमात काढलेला फोटो, गळ्यात हार आणि चेहऱ्यावर अवघडलेपण. बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि त्याच्याकडे तोंड होणार नाही अशा खुर्चीवर बसले. काकूंनी पाणी आणलं. मग त्या समोर बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या,

"भाऊजी, एक विचारू का? इतकं झालं, इतकी वर्षं गेली. तुम्ही ती वायर का नाही तोडलीत?"

बाबांना प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "भांडण पाण्याचं होतं," ते म्हणाले.

काकूंना हसू आलं. आधी दाबलेलं, मग न आवरणारं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि पुसतच राहिल्या. मी उठायला लागले, तर त्यांनी हातानेच मला बस म्हणून सांगितलं.

"हे एकदा निघाले होते तोडायला," त्या म्हणाल्या. "भांडण झालं त्याच आठवड्यात. फार चिडलेले. पक्कड घेतली आणि मागच्या बोळात स्टुलावर चढले. तुमची लाइट गेलेली होती त्या वेळी. भिंतीवरून तुमचं स्वयंपाकघर दिसतं तिथून. आमच्या दिव्याखाली हिची आई पोळ्या लाटत होती. हे तसेच उभे स्टुलावर. मी खालून म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, अजून पोळ्या व्हायच्यात त्यांच्या. आणि खाली उतरले."

बाहेरून एक भाजीवाली ओरडत गेली. बाबा काठीची मूठ फिरवत होते. मग त्यांनी विचारलं,

"पक्कड कोणती? लाल मुठीची?"

"हो. आहे अजून."

"ती माझी."

"अगं बाई! थांबा, आणून देते..." काकू उठायला लागल्या.

"बसा, वहिनी. राहू दे त्याच्याकडे."

मी आईचा विचार करत बसले होते. ती रोज पोळ्या करायची. त्यातली ती एक संध्याकाळ, इतर संध्याकाळींसारखीच. आपल्यासाठी कोणी भिंतीपलीकडे थांबलं, हे तिला कधी कळलं नाही. की काकूंनी तिला त्या दिवशी, काका गेले त्या दिवशी, सांगितलं होतं? मी विचारलं नाही. काही गोष्टी त्या दोघींच्या राहू द्याव्यात असं वाटलं.

निघताना बाबांनी बोर्डाचा विषय काढला. म्हणाले, "त्याने केलेला बोर्ड काढावा लागतोय, वहिनी. जपून ठेवणार आहे मी."

"कशाला?" काकू म्हणाल्या. "यांनी तर आमचा केव्हाच काढून टाकला. कंपनीतून निवृत्त झाल्या झाल्या नवीन बसवला, ते खटक्यांचं असतं तसं. तुमच्या बोर्डाची काळजी करायचे उलट. म्हणायचे, ते फ्यूज आता तापत असणार, पण सांगणार कोण त्याला."

बाबा दारात थांबले. "असं म्हणायचा?"

"दर उन्हाळ्यात."

घरी आल्यावर बाबांनी इलेक्ट्रिशियनला सांगितलं, "घे काढून. दोन्ही वायरी, बोर्ड, सगळं." त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी कामावरच्या माणसाचा आवाज होता. वायरी कापल्या तेव्हा काकू भिंतीपलीकडे उभ्या होत्या आणि बाबा अलीकडे. इलेक्ट्रिशियन दोघांच्या मधे भिंतीवर बसला होता. त्याने विचारलं, "तोडू ना?" दोघंही एकदम "हो" म्हणाले.

फळी भंगारात गेली नाही. बाबांनी तिच्यावरचे फ्यूज आणि मेन स्विच काढून देऊन टाकले, आणि फळी ठेकेदाराच्या सुताराला दिली. पुढे तिचं काय झालं ते मला कळलं नाही. नव्या खोलीतल्या कुठल्यातरी फडताळात ती असेल.

नवीन पॅनल बसलं. पांढरी धातूची पेटी, आत ओळीने एमसीबीचे खटके, प्रत्येक खोलीचा वेगळा. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा घेतला, मीठ आणि कोळसा घातला. त्यात पाणी ओतायचं होतं. काकूंनी भिंतीवरून पाइप धरला, "आमच्या बोअरचं घ्या." बाबा म्हणाले, "नको, नळाला आलंय." आणि लंगडत जाऊन स्वतः बादली भरून आणली. काकूंनी पाइप गुंडाळून ठेवला आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. सगळंच एका दिवसात सुटत नाही.

मग भिंती फुटायला लागल्या. घरात बसायला जागा नव्हती, दिवसभर लाइट बंद, सिमेंटची धूळ चहात. बाबांना कुठे ठेवायचं ही मला काळजी होती. नात्यातल्यांकडे जायला ते तयार नव्हते. पहिल्याच दिवशी अकराच्या सुमारास काकूंनी भिंतीवरून हाक मारली, "भाऊजी, इकडे या, धुळीत काय बसलाय?" बाबा गेले. दुसऱ्या दिवशी हाक मारायच्या आधीच गेले. मी ऑफिसातून आले की त्यांना आणायला जायची, तर दोघं पुढच्या ओट्यावर बसलेले असत. कधी कंपनीतल्या गोष्टी, कधी नुसतं गप्प बसणं. एकदा काकू आईबद्दल सांगत होत्या, की ती शिवताना किती भांडायची, बाही कशी लावायची यावरून. बाबा हसत होते. आई भांडायची हे ते जवळजवळ विसरले होते. आई गेल्यापासून आम्ही तिला फार शहाणी करून टाकलं होतं. काकूंनी तिला पुन्हा भांडकुदळ केलं, आणि ती घरात परत आल्यासारखं वाटलं मला.

एका संध्याकाळी घरी येताना बाबा रस्त्यात थांबून म्हणाले, "त्याच्या अंत्ययात्रेला मी आत गेलो नाही."

"मी पाहिलं होतं, बाबा. तुम्ही कोपऱ्यापर्यंत गेला होतात."

"वहिनींनीही पाहिलं म्हणे. खिडकीतून." ते दोन पावलं चालले. "म्हणाल्या, तेवढं पुरलं."

बाबा आता खाली राहतात. खोलीत ऊन येतं, बाथरूमला धरायला दांडा आहे, आणि रात्री उठावं लागलं तर जिना नाही. काकू दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला गेल्या, थंडी संपेपर्यंत. जाताना किल्ली आमच्याकडे दिली. त्या गेल्यावर चारपाच दिवसांनी बाबा माझ्या आजूबाजूला घुटमळायला लागले. शेवटी म्हणाले, "तो फोन लावून दे ना. तोंड दिसतं तो."

मी व्हिडिओ कॉल लावून दिला. पलीकडे काकूंचं कपाळ दिसलं, मग छत, मग पूर्ण काकू.

"भाऊजी, खोली कशी झालीय? मी निघाले तेव्हा रंग व्हायचा होता."

"दाखवतो," बाबा म्हणाले, आणि फोन कानाला लावून खोलीभर फिरायला लागले. ही खिडकी. हे कपाट. इथे पलंग, डोकं पूर्वेला. इथून बाथरूम, दार बाहेर उघडतं, म्हणजे आत कोणी पडलं तर अडकत नाही. पलीकडे काकूंना एवढा वेळ फक्त बाबांचा कान दिसत असणार. मी फोन सरळ करायला हात पुढे केला. पण काकू म्हणत होत्या, "वा, छान झालीय हो," आणि बाबा म्हणत होते, "रंग फिका घेतलाय, बघा ना," म्हणून मी हात मागे घेतला.